दुसऱ्याचं काही दिसत नाही

"दहा मिनिटांचं काम आहे!" सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत भिंगरावांनी जाहीर करून टाकलं. "चार स्क्रू आणि दोन वायरी. त्याला माणूस कशाला बोलवायचा? मोहरीएवढे स्क्रू चष्म्याच्या दांडीत बसवण्यात माझी हयात गेली. या हातांपुढे हार्ड ड्राइव्ह म्हणजे हत्ती!"

"हत्ती असो नाहीतर मुंगी, ते अधिकारी चार वाजता यायचेत, तेवढं लक्षात ठेवा," बायको म्हणाली आणि बालवाडीला निघून गेली. तिथे तिच्यापुढे अठ्ठावीस मुलं असत. त्यामुळे घरातल्या एकाकडे तिचं फारसं लक्ष नसे.

भिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकोणीस वर्षं एकाच रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवल्यावर लोकांनीच ते ठेवलं होतं. आता खरं नाव घेऊन कुणी हाक मारली, तर भिंगराव मागे वळून दुसरं कुणी आलंय का ते बघत. दुकान एकहाती होतं. डोळे तपासायचे तेच, काचा घासायचे तेच, आणि गिऱ्हाईक नाक मुरडू लागलं की "तुम्हाला अगदी शोभतोय हो!" म्हणायचेही तेच.

गिऱ्हाइकाला काय शोभतं ते कळावं म्हणून ते प्रत्येकाचे फोटो काढत. चौकोनी फ्रेममध्ये एक, गोल फ्रेममध्ये एक, तपकिरी, काळी, बिनकाठाची... एकेका माणसाचे बावीस-बावीस फोटो! ते सगळे दुकानातल्या जुन्या संगणकात जात. आणि एक दिवस कारखान्याचे कामगार-अधिकारी दुकान पाहायला आले, आणि नेमक्या त्याच क्षणी संगणकानं हात वर केले. 'जागा शिल्लक नाही.'

काम मोठं होतं. तीनशे बारा कामगारांचे डोळे तपासायचे, त्यांना चष्मे करून द्यायचे आणि प्रत्येकाची नोंद संगणकात जपून ठेवायची. अधिकारी मोजकं बोलणारे गृहस्थ. काखेत फाइल, चेहऱ्यावर काही नाही. "जागा करा. गुरुवारी चारला येतो. झाली नसेल तर काम दुसरीकडे देतो," एवढं बोलून ते गेले होते.

आज गुरुवार होता.

दहा वाजता भिंगरावांनी संगणकाचं झाकण उघडलं. आत एवढी धूळ होती की गाजर पेरलं असतं तर उगवलं असतं! फुंकर मारून, शिंकून, पुन्हा फुंकर मारून त्यांनी जागा वाढवायला आणलेला नवा हार्ड ड्राइव्ह जुन्याच्या खालच्या खणात बसवला. चार स्क्रू पिळले. एक रुंद वायर विजेची, एक चपटी वायर माहितीची, दोन्ही लावल्या. घड्याळात बघितलं. नऊ मिनिटं! मिशीला उगाच ताव देऊन त्यांनी बटण दाबलं.

संगणक सुरू झाला. यादी उघडली. यादीत एकच ड्राइव्ह. जुना. नव्याचं नावही नाही!

बंद केला, चालू केला. एकच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. एकच! तिसऱ्यांदा तर त्यांनी बटण दाबताना श्वासही रोखून धरला होता. संगणकावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

तेवढ्यात गाणं शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या. वरचा सूर लावायला मान उंचावली की त्यांचा चष्मा कानांवरून सुटून मागे पडे. भिंगरावांनी चष्मा काढून घेतला, तबकात ठेवला आणि "दोन मिनिटं बसा हं" म्हणून ते पुन्हा टेबलाखाली शिरले. चष्म्याविना बाईंना खांब आणि माणूस यांत फक्त जाडीचा फरक कळे. कान मात्र शाबूत होते. नुसते शाबूत नाही, कसलेले होते!

टेबलाखालून भिंगरावांनी फोन लावला तो संगणकवाल्या गिगाभाऊला. ड्राइव्ह त्याच्याकडूनच घेतला होता. गिगाभाऊ त्या वेळी कुठल्याशा कॉलेजच्या गच्चीवर तारा ओढत होता आणि त्याच्या फोनमध्ये माणसापेक्षा वाराच जास्त बोलत होता.

"गिगाभाऊ, पहिल्याचं सगळं स्वच्छ दिसतंय. पण दुसऱ्याचं काहीच दिसत नाही!"

"कधीपासून?" वाऱ्यातून आवाज आला.

"सकाळपासून! तीनदा बंद करून उघडून बघितलं. काही उपयोग नाही!"

"दाबून बघा जरा. सैल असेल."

"दाबलं हो! अंगठ्यानं चांगलं आतपर्यंत दाबलं!"

बाईंना फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. त्यांनी छातीवर हात ठेवला. "भिंगराव," त्या हळूच म्हणाल्या, "फार त्रास होतोय का?"

"काही विचारू नका बाई!" टेबलाखालून आवाज आला. "एकोणीस वर्षं जपलं, आणि आज ऐन वेळेला दगा दिला. चार वाजेपर्यंत दिसलं नाही, तर माझा धंदा बसला म्हणून समजा!"

बाई उठल्या. आपला चष्मा तबकातच आहे हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. शेजारच्या लाँड्रीच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थाला त्यांनी डोळे पुसत सगळी हकीकत सांगितली. तो गृहस्थ म्हणजे हँगरला लावलेला ओव्हरकोट होता. पण त्यामागे उभ्या असलेल्या लाँड्रीवाल्यानं सगळं ऐकलं. बाईंचा आवाज रियाजाचा. लाँड्रीच्या समोरच्या शिंप्यानंही ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात जे लोक तोंड उघडून बसले होते, त्यांनीही ऐकलं. पण तोंड मिटून काही बोलायला त्यांना जरा वेळ लागला.

इकडे भिंगराव हटले नव्हते. हटणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाचा पडलेला स्क्रू शोधण्यासाठी त्यांनी अख्ख्या दुकानाची सतरंजी तळहातानं चाचपली होती. आताही त्यांनी विचार केला, वायरच खराब असेल तर? चाचणी सोपी होती. जुन्या ड्राइव्हची वायर काढायची आणि नव्याला लावायची. त्यांनी तसं केलं आणि बटण दाबलं.

पडदा काळा ठिक्कर! जुना नाही, नवा नाही, कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ तेवढी राहिली.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. थोरली बहीण होती. आक्का दाढ दाखवायला म्हणून त्याच दातांच्या दवाखान्यात यायची होती. तिची ओळखीण तिथे आधीपासून बसली होती. बातमी तिच्याकडून गेली होती.

"बाळ्या, मला खरं सांग. एकाचं दिसत नाही म्हणे?"

ही बातमी गाण्याच्या बाईंनी दिली असणार असं भिंगरावांना वाटलं. "एकाचं कसलं घेऊन बसलीस आक्का! आत्ता पहिल्याचंही गेलं! समोर नुसता काळोख आहे!"

पलीकडे काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. "अरे, पण कशानं गेलं?"

"माझ्याच हातानं! पहिल्याचं उपटलं आणि दुसऱ्याला लावून बघितलं!"

"उपटलं?" आक्काचा आवाज चिरकला. "डॉक्टरांकडे जा आधी!"

"डॉक्टर काय करणार इथे? गिगाभाऊ फोनवरून सांगतोय तसं करतोय मी. स्क्रूड्रायव्हर हातातच आहे."

"खाली ठेव तो! आत्ताच्या आत्ता खाली ठेव! कशालाही हात लावू नकोस!"

"आता माघार नाही! चारच्या आत दोन्हींचं दिसलंच पाहिजे. नाहीतर दुकानावरची पाटी उतरवीन!" असं म्हणून भिंगरावांनी फोन ठेवला. बहिणीचा जीव आपल्या धंद्यात किती गुंतलाय, या विचारानं त्यांना भरून आलं.

त्यांनी वायरी होत्या तशा लावल्या. जुना ड्राइव्ह परत आला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग गिगाभाऊ पुन्हा फोनवर आला आणि त्यानं एक कळ सांगितली. संगणक सुरू होताना ती दाबत राहायची. मग निळा पडदा येतो आणि संगणकाच्या पोटात काय काय आहे ते दाखवतो. भिंगरावांनी ती कळ अशी दाबून धरली, जशी गळकी नळी दाबून धरतात. निळा पडदा आला. आणि त्यावर दोन ओळी! जुना ड्राइव्ह! नवा ड्राइव्ह! दोन्ही!

"आहेत! दोन्ही आहेत!" ते ओरडले. पण संगणक पूर्ण सुरू झाला, यादी उघडली, आणि पुन्हा एकच.

बायकोचा फोन आला तो इथे. आक्कानं फोन करून तिला वर्गातून बाहेर बोलावून घेतलं होतं. मागे अठ्ठावीस मुलं एकाच वेळी बेडकाचा आवाज काढत होती.

"अहो, आक्का काय म्हणतायत? तुम्हाला म्हणे—"

"आक्काचं राहू दे! विचित्रच प्रकार आहे. आतून बघितलं की दोन्हींचं छान दिसतंय. बाहेर आलं की एकाचंच!"

"अहो, तुम्ही संगणकाबद्दलच बोलताय ना?" बायकोनं विचारलं. शहाणी बाई होती. पण तो प्रश्न बेडकांत बुडाला आणि फोन कटला.

तिनं आक्काला समजावलं, की हा सगळा संगणकाचा घोळ असणार. आक्का म्हणाली, "तो तुला काळजी वाटू नये म्हणून तसं सांगतोय. लहानपणी पाय मोडला होता, तेव्हाही पायमोजा हरवलाय म्हणाला होता!" मुलांना मदतनीस बाईंच्या हवाली करून तीही निघाली.

दुकानात गिगाभाऊनं शेवटचा उपाय सांगितला होता. संगणकातली एक खिडकी उघडायची, तिथे सगळे ड्राइव्ह ओळीनं मांडलेले असतात. भिंगरावांनी ती शोधून काढली. एक निळी पट्टी होती, तिच्याखाली एक राखाडी पट्टी.

"राखाडीवर बारीक अक्षरांत काही लिहिलंय का?" गिगाभाऊनं विचारलं.

भिंगराव पुढे वाकले. मग मागे सरकले. मग पुन्हा थोडे पुढे. "काही नाही. कोरी आहे."

"नीट बघा हो. काहीतरी असणार."

"गिगाभाऊ!" भिंगराव दुखावले. "डोळ्यांच्या धंद्यात तू आहेस की मी? कोरी म्हणजे कोरी!"

"मग ड्राइव्हच खराब—" एवढं बोलून गिगाभाऊचा फोन बंद पडला. बॅटरी संपली, की वाऱ्यानं उडवला, कोण जाणे!

साडेतीन वाजले होते. भिंगरावांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. कपाळाला टेबलाची कड लागून टेंगूळ आलं होतं. बोटांना चार ठिकाणी पत्रा लागला होता. दुसऱ्या कुणी एव्हाना संगणकाला लाथ मारून दुकानाचं शटर ओढलं असतं. भिंगरावांनी बाह्या सरसावल्या, विजेरी तोंडात धरली आणि ड्राइव्ह अगदी मुळापासून पुन्हा बसवायचा म्हणून उताणे होऊन टेबलाखाली सरकले. पहिला स्क्रू फिरवला आणि एकोणीस वर्षांच्या धुळीचा एक गठ्ठा थेट त्यांच्या डाव्या डोळ्यात पडला.

"मेलो!" ते ओरडले.

आणि त्याच क्षणी दुकानाचं दार उघडलं.

पुढे आक्का. मागे डोळ्यांच्या डॉक्टरबाई. आक्कानं त्यांना दवाखान्यातून एका पेशंटच्या अर्ध्या तपासणीतून उठवून आणलं होतं. त्यांच्या मागे बायको. मग लाँड्रीवाला, शिंपी, आणि लाँड्रीवाल्याच्या दंडाला धरून गाण्याच्या बाई. दुकानात मावले नाहीत ते बाहेर फुटपाथवर टाचा उंचावून उभे राहिले.

टेबलाखालून भिंगराव बाहेर आले. केस पांढरे, कपाळावर टेंगूळ, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि लालभडक झालेल्या डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी!

"बघा!" आक्कानं टाहो फोडला. "अजून सोडत नाहीये तो स्क्रूड्रायव्हर!"

"अगं, डोळ्यात कचरा गेलाय!"

"ऐकलंत? कचरा म्हणतोय! मी सांगितलं नव्हतं, पायमोजा म्हणेल म्हणून?"

बायकोनं पुढे होऊन सवयीनं हात वर केला. "सांगा पाहू, ही किती बोटं?"

"तीन. आणि मधल्या बोटाला हिरवा रंग लागलाय."

"दिसतंय हो यांना," बायको म्हणाली.

"उजव्यानं सांगितलं असेल!" आक्का म्हणाली.

भिंगरावांना एवढी माणसं का जमलीत हे कळेना. आपण काय बोललो, कुणी काय ऐकलं, ते बायकोनं चार वाक्यांत त्यांना सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा उजवा डोळाही विस्फारला. "अहो, मी ड्राइव्हचं बोलत होतो! संगणकाच्या ड्राइव्हचं!" त्यांनी सगळ्यांना टेबलाखालचं उघडं खोकं दाखवलं. लोक मान डोलावत होते. आजाऱ्याच्या हो ला हो म्हणताना डोलावतात ना, तशी.

गर्दी बाजूला झाली आणि अधिकारी आत आले. काखेत फाइल. चार वाजायला बारा मिनिटं होती.

"बाहेर लोक म्हणतायत, तुम्हाला दिसत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या तीनशे बारा माणसांचे डोळे तपासणार?"

"सगळा गैरसमज आहे, साहेब!"

"संगणकात जागा झाली?"

झाली नव्हती. अधिकाऱ्यांनी फाइल काखेतून काढून दुसऱ्या काखेत घातली, आणि दाराकडे वळले. तेव्हा मात्र भिंगराव पेटले. ड्राइव्हचं तूर्त काही करता येत नव्हतं, पण डोळ्यांचं येत होतं!

"थांबा साहेब! डॉक्टरबाई, तपासा मला! इथेच, सगळ्यांसमोर तपासा. होऊन जाऊ दे!"

"तपासल्याशिवाय मी जाणारही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धा पेशंट सोडून आलेय मी." त्यांनी डोळा पाण्यानं धुतला, धुळीचा कण कापसानं टिपून काढला. मग भिंगरावांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, पलीकडे भिंतीपाशी जाऊन काहीतरी खुडबुड केली, आणि परत येऊन त्यांच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. "म्हणा."

भिंगरावांनी छाती पुढे काढली. "क. ग. न, ल. ट, प, र. म, ख, द, स. ब, ज, फ, ण, च!" शेवटची ओळ तर त्यांनी मुलं पाढे म्हणतात तशी, ताल धरून म्हटली. फुटपाथवर कुणीतरी टाळी वाजवली.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा झाला तुमच्या दुकानातला तक्ता. त्यावर मी माझा टांगलाय. आता तो वाचा."

भिंगरावांनी पाहिलं. वरचं एक मोठं अक्षर होतं, ते 'ह' होतं. किंवा 'इ'. त्याखाली... त्याखाली पावसात भिजलेल्या मुंग्या होत्या. त्यांनी डोळा बारीक केला. मुंग्या जराशा हलल्या.

गाण्याच्या बाईंनी शिंप्याला कुजबुजत विचारलं, "काय झालं हो?" आणि ती कुजबुज शेवटच्या माणसापर्यंत पोचली.

एकोणीस वर्षं या खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी हजारो माणसांना 'आता बरं की मघाशी बरं?' असं विचारलं होतं. या खुर्चीत ते स्वतः कधी बसलेच नव्हते. आताशा पेपर लांब धरावा लागे, तो छपाई वाईट म्हणून. रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येत नसे, तो माणूसच बदललाय म्हणून! धंदा काही मोठा नव्हता, पण घर यावरच चालत होतं. आणि आज सगळ्या रस्त्यादेखत...

"मला दिसत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "या डोळ्यानं ती खालची अक्षरं दिसत नाहीत, डॉक्टरबाई."

आक्का आता रडायची थांबली. तिनं धाकट्या भावाच्या धुळकट केसांवर हात ठेवला.

"त्यात काय एवढं?" डॉक्टरबाईंनी दुकानातलीच तपासणीची जाडजूड फ्रेम उचलून त्यांच्या नाकावर चढवली. टक्‌, एक काच. टक्‌, दुसरी. "आता बरं की मघाशी बरं?"

"आता."

टक्‌. "आता? आणि जवळचं बघा."

भिंगरावांनी मान फिरवली आणि बघतच राहिले. अधिकाऱ्यांच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं! बायकोच्या गालावर बारीकशी खळी होती, ती मध्ये काही वर्षं कुठे गेली होती देव जाणे! दुकानाच्या कोपऱ्यात एक कोळी सहकुटुंब राहत होता! आणि टेबलावर, संगणकाच्या पडद्यावर, त्या कोऱ्या राखाडी पट्टीवर...

"थांबा!" ते ताडकन उठले. नाकावरची फ्रेम एका हातानं धरून त्यांनी पडद्याला नाक लावलं. "लिहिलंय! इथे लिहिलंय! 'नवीन ड्राइव्ह. वापरासाठी अजून तयार केलेला नाही. तयार करायचा का?'"

दिवसभर ती ओळ तिथे होती! ड्राइव्ह खराब नव्हता, वायर खराब नव्हती, संगणकाला बिचाऱ्याला तो केव्हाच दिसला होता. कोऱ्या ड्राइव्हला आधी वापरायजोगा करून घ्यावा लागतो, एवढंच तो विनवून विचारत होता. भिंगरावांनी 'हो' दाबलं. एक हिरवी रेघ सरसर पुढे सरकली. यादी उघडली. जुना ड्राइव्ह. आणि त्याच्याखाली टवटवीत, रिकामा, ऐसपैस नवा!

"दिसलं!" भिंगराव हात उंचावून गरजले. "दुसऱ्याचंही दिसलं! दोन्हींचं दिसतंय!"

फुटपाथवर जे उभे होते त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र आलं. एकच जल्लोष झाला! गाण्याच्या बाईंनी तर आनंदानं लाँड्रीवाल्याऐवजी खांबाला मिठी मारली.

आत अधिकारी पडद्यापाशी आले. जागा किती आहे ते त्यांनी वाचलं. मग भिंगरावांकडे बघितलं. दोन भिंगं, एक टेंगूळ, सगळीकडे धूळ.

"कामगारांतले निम्मे असंच म्हणतात," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं लांब भाषण पहिल्यांदाच येत होतं. "आम्हाला दिसतं, आम्हाला तपासणी नको, म्हणतात. त्यांना कुणी समजवायचं हा मला प्रश्नच होता. तुम्ही समजवाल." त्यांनी फाइल उघडून कागद टेबलावर ठेवला. "सोमवारपासून सुरू करा. पण नव्या ड्राइव्हवर पहिली नोंद तुमची स्वतःची पाहिजे. मी येऊन बघेन."

भिंगरावांनी त्यांच्यासमोरच ती नोंद केली. डॉक्टरबाईंनी नंबर सांगितले, बायकोनं बावीस फ्रेममधून एक निवडली, आणि आक्का तिसऱ्यांदा म्हणाली, "तुला अगदी शोभतोय हो!"

गोष्ट इथे संपली असती तर भिंगरावांना चाललं असतं. पण फुटपाथवरची माणसं तोवर घरी गेली होती, आणि जाताना गप्प गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगराव नवा चष्मा लावून दुकानाशी पोचले, तर दारापासून लाँड्रीपर्यंत रांग! सगळ्यात पुढे एक वयस्कर गृहस्थ हातात काठी घेऊन उभे होते.

"काल सकाळी तुमचे दोन्ही डोळे गेले होते ना?" त्यांनी विचारलं. "आणि दुपारी स्वतःच चष्मा केलात आणि दृष्टी आली?"

"नाही हो आजोबा! तो संगणक होता!"

"संगणक-बिंगणक तुमच्याकडेच ठेवा. मला तो कालचा चष्मा द्या."

भिंगरावांनी हार मानली नाही. त्यांनी रांगेतल्या एकेकाला आत नेलं, संगणकाचं झाकण उघडलं, जुना ड्राइव्ह दाखवला, नवा ड्राइव्ह दाखवला, चपटी वायर दाखवली. चौदा जणांना दाखवली! पंधराव्या बाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण हे एवढं मोठं यंत्र डोळ्यात घालताना दुखत नाही का?"

तेव्हा मात्र त्यांनी एक कागद घेतला, आणि स्पष्ट लिहिलं: 'या दुकानात गेलेली दृष्टी परत मिळत नाही. बिघडला होता तो संगणक. कृपया गैरसमज नसावा.' कागद दारावर ठळक चिकटवला, आणि आत येऊन ते वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. रांगेतला एक माणूस हलला नाही. उलट मागे आणखी तिघं येऊन उभे राहिले.

"एवढं ढळढळीत लिहिलंय, तरी कुणी जात कसं नाही?" त्यांनी डबा घेऊन आलेल्या बायकोला विचारलं.

बायकोनं एकदा दारावरच्या कागदाकडे बघितलं, एकदा रांगेकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "ते वाचता आलं असतं, तर चष्म्याच्या दुकानात आले असते का ते?"